शिंपला उचलला की थांबायचं

२० नोव्हेंबर. सकाळी भातुकली धुतली.

बादलीत कोमट पाणी, साबणाचा चुरा आणि दात घासायचा जुना ब्रश. चौदा भांडी, एक चूल, दोन बाहुल्या आणि एक लाकडी घोडा, ज्याला मुलं गाय म्हणतात. समुद्राकाठच्या गावातून परत आलेल्या खेळण्यांत वाळू इतकी असते की दुसरं पाणी फेकलं तरी तळाशी थोडी राहतेच. ती बेसिनमध्ये ओतायची नाही, पाइप तुंबतो. हे मी प्लंबरला दोनदा बोलावून शिकले. आता कुंडीत ओतते. भांडी गॅलरीत फडक्यावर उपडी घातली, हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. शनिवारी गावात पालकसभा होती. त्याआधी राहिलेल्या चार खेळांचं लेखन संपवायचं होतं.

माझं काम सांगायला सोपं आणि पटवायला कठीण आहे. एका संस्थेला जाणून घ्यायचं आहे की तीन ते पाच वर्षांच्या मुलांना खेळायला, झोपायला, लपायला घरात आणि अंगणवाडीत किती जागा मिळते आणि त्यांना स्वतःला कशी जागा हवी असते. एवढ्याशा मुलाला समोर बसवून प्रश्न विचारले तर ते सगळ्यालाच हो म्हणतं नाहीतर आईकडे पळतं. म्हणून खेळायचं. मूल खेळात घर मांडतं. त्या घरात कोण कुठे बसतं, कुणाला कुठून हाकलतात, दार कोण लावतं, हे सगळं आपोआप येतं. आपण पाहायचं, चित्रित करायचं आणि नंतर शब्दन् शब्द उतरवायचा. मूल गप्प बसलं तर तेही लिहायचं: चार सेकंद शांतता, भांडं आपटलं, पुन्हा शांतता.

या कामाआधी बावीस वर्षं मी विरारच्या एका शाळेत बालवर्ग घेत होते. वर्ग बंद झाला आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी हे काम धरलं. घरी बसणं मला जमण्यासारखं नव्हतं.

कामाचे नियम थोडे आहेत. मोठ्या माणसाने खेळ सुरू करायचा नाही. चटईच्या कडेला बसायचं आणि वाट पाहायची. मुलांनी आपल्याला पाहुणा, गिऱ्हाईक असं काहीतरी केलं तरच खेळात शिरायचं आणि त्यांनी जे केलं तेच व्हायचं. सगळ्यात महत्त्वाचा नियम शिंपल्याचा. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल किनाऱ्यावरून आपला एक शिंपला निवडून आणतं, त्यावर आम्ही रंगाचा ठिपका देतो. शिंपला डब्यात टाकला की ‘मी खेळते, तू बघ’. शिंपला उचलला की ‘पुरे’. मग वही मिटायची, कॅमेरा बंद करायचा आणि उठायचं. का म्हणून विचारायचं नाही. कागदावर आईवडिलांची सही असते, पण ती आईवडिलांची. मुलाची सही म्हणजे तो शिंपला.

हा नियम मीच सुचवला होता. बावीस वर्षांत एकाही मुलाने मला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. हे मी कौतुकाने सांगत नाही. बाईंना नाही म्हणता येत नाही, हे मुलांना आम्हीच शिकवतो. म्हणून तोंड न उघडता नाही म्हणायची काहीतरी सोय हवी, असं मी पहिल्याच बैठकीत म्हटलं आणि सगळ्यांना ते पटलं.

गावाचं नाव लिहीत नाही. आगाशीहून समुद्राकडे जाणारी बस तिथे थांबते, एवढं पुरे. ते राजोडीच्या अलीकडे की पलीकडे, हेही सांगत नाही. माणसांच्याही दोनतीन गोष्टी मी बदलल्या आहेत.

अंगणवाडी एका खोलीची. पुढे ओटा, मागे नळ. सेविका गावातलीच, चाळिशीची, तोंडाने फटकळ. मदतनीस तिच्याहून मोठी. तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं, “बाय, तुमी नुसत्या बसनार?”

“हो.”

“आनि पोरां खेलनार?”

“हो.”

“मंग यात शिकलेल्या बाईचं काय काम?”

सेविका आतून ओरडली, “अगं, त्या पोरांचं मत घेतात.”

“पोरांचं मत!” मदतनीस तांदूळ निवडता निवडता हसली. “शी लागली ते त्यांना झाल्यावर कलतं. मत कुटचं?”

पहिल्या तीन भेटींत मला कुणी काहीच केलं नाही. मी कडेला बसून राहिले. बालवर्गात मी शिरले की तीस डोकी वळायची. इथे एकही वळलं नाही. चौथ्या भेटीला एका मुलाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून जाहीर केलं की मी दुकान आहे. मी विचारलं, “काय विकायचं?” तो म्हणाला, “काय नाय. दुकान बंद हाय.” बंद दुकान म्हणून मी पंधरा मिनिटं बसले. बंद दुकानाने बोलायचं नसतं, हेही त्याने मला नंतर बजावलं. पुढच्या आठवड्यात मी कुत्रा झाले, मग रिक्षा, मग पुन्हा बंद दुकान.

मी एकटी राहते. त्याची कारणं इथे सांगण्याची गरज नाही, ती नेहमीचीच आहेत. समोरच्या फ्लॅटमध्ये दर अकरा महिन्यांनी नवे भाडेकरू येतात. त्यांच्या मुलांची नावं पाठ होईपर्यंत खाली टेम्पो लागतो. बाकीचे मजल्यावरचे लोक सकाळी सहाला कुलूप लावतात ते रात्रीच उघडतात. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची वेळ येते, तिच्याखाली मी अंगठ्याचं चिन्ह टाकते. कधी कधी संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना माझा आवाज घोगरा निघतो, तेव्हा लक्षात येतं की दिवसभरात हे पहिलंच वाक्य. लोक स्वयंपाक करताना टीव्ही लावतात. मी मुलांच्या खेळांची रेकॉर्डिंग लावायचे. मनाशी म्हणायचे की सराव होतो, लिहिताना शब्द लवकर कळतात.

त्यातलं एक रेकॉर्डिंग मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा लावलं होतं.

ते साडेचार वर्षांच्या एका मुलीचं. वडील बोटीवर जातात, आई किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात आहे. घरात आजोबा आहेत, त्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून ते अंथरुणावरच असतात. मुलगी अंगणवाडीत फारशी बोलत नसे. त्या दिवशी तिने शिंपला डब्यात टाकला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तू आजारी. झोप.”

मी चटईवर आडवी झाले. या वयात जमिनीवर आडवं होणं हे काही साधं काम नाही, पण झाले.

“डोले मीट. तोंड उघड. औषध कडू हाय, रडायचं नाय.”

तिने मला छोट्या वाटीने काहीबाही पाजलं. माझ्या अंगावर सेविकेची ओढणी घातली, पायांपासून हनुवटीपर्यंत, आणि कडा खाली खोचल्या. मग कपाळावर हात ठेवून ताप बघितला. हात थंड होता आणि त्याला वाळू लागलेली होती. माझ्या कपाळाला याआधी कुणाचा हात कधी लागला होता, ते आठवायला मला वेळ लागला असता. मी आठवत बसले नाही. पडून राहिले.

त्या खेळात पुढे मुलगी एक वाक्य बोलली. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. ते अंथरुणावरच्या आजोबांबद्दल होतं, ते झोपतात त्या कॉटबद्दल होतं, आणि नंतर त्या कॉटवर कोण झोपणार याबद्दल होतं. शब्द मोठ्या माणसाचे होते. घरात रात्री दमलेलं कुणीतरी बोललेलं असणार, चौघांना एक खोली असली की कुणीही बोलेल असं. मुलीने ते जसंच्या तसं म्हटलं, माझ्या अंगावरची ओढणी सारखी करता करता.

कार्यालयातल्या मॅडमना मी त्या आठवड्याच्या टिपणात ते वाक्य पाठवलं होतं. मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, हुशार आहेत आणि कामात चोख आहेत. त्यांनी लगेच फोन केला होता. “ताई, जागेचा अख्खा प्रश्न या एका वाक्यात आला. आपण यानेच सुरुवात करू.” पालकसभेत दाखवायच्या तक्त्यावर पहिलं वाक्य तेच घेतलं होतं. नाव न देता, ‘एक मूल म्हणालं’ असं.

आता नोव्हेंबरच्या त्या सकाळी मी तोच खेळ लिहायला घेतला. ऐकून पाठ होता, पण लेखनासाठी चित्र बघावं लागतं, हाताच्या हालचाली नोंदवाव्या लागतात. बाराव्या मिनिटाला मुलगी उठते, डब्यापाशी जाते, वाकते. सरळ होते तेव्हा तिची डावी मूठ मिटलेली असते. ती माझ्याकडे बघते. मी डोळे मिटून पडलेली. ती परत येऊन बसते. उरलेल्या खेळात ती सगळं एका उजव्या हाताने करते. डावी मूठ शेवटपर्यंत उघडत नाही.

कॉटचं वाक्य एकोणिसाव्या मिनिटाला आहे.

मी चित्र थांबवलं. चहा केला. गॅलरीतली भांडी उलटी होती ती सुलटी केली.

खरं ते लिहायला हवं. मला ते तेव्हाच दिसलं होतं. डोळे अगदी घट्ट कुणी मिटत नाही. पापणीच्या फटीतून मला ती डब्यापाशी वाकलेली दिसली होती, आणि मी मनात म्हटलं होतं, पाच मिनिटं. व्हिडिओने फक्त वेळ सांगितली.

मग मी वाक्याबरोबर गावाचा विचार केला. नाव नसलं म्हणून काय झालं? कॉटवर म्हातारा माणूस असलेलं घर त्या अंगणवाडीच्या पटावर एकच होतं. तक्ता वर गेला की सभेतल्या सगळ्या बायका मान वळवून त्या मुलीच्या आईकडे बघणार. तिथून ती घरी जाणार, आणि घरी मुलगी असणार. ‘तू सांगितलंस?’ असं विचारायला किती वेळ लागतो?

मी मॅडमना फोन लावला.

“मॅडम, तक्त्यावरचं पहिलं वाक्य काढावं लागेल.”

“का हो ताई? तेच तर सगळ्यात बोलकं आहे. आणि मूल स्वतःहून बोललंय.”

“स्वतःहून नाही. तिने शिंपला उचलला होता.”

“कधी?”

“बाराव्या मिनिटाला.”

“आणि वाक्य?”

“एकोणिसाव्या.”

पलीकडे कीबोर्डचा आवाज होता, तो थांबला. “तुमच्या टिपणात तर ‘खेळ पूर्ण’ असं आहे.”

“मी लिहिलंय ते.”

“मग तुम्ही थांबला का नाहीत?”

“मी आडवी होते.”

“म्हणजे?”

“आजारी होते. खेळात.”

त्या हसल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही हसले नसते. “ताई, हा नियम तुमचा आहे. प्रशिक्षणात नव्या मुलींना मी तुमचं उदाहरण देते.”

“माहीत आहे.”

“ठीक आहे. असं करा, उद्या जाऊन तिला विचारा. तिला समजेल असं, दडपण न आणता. ती हो म्हणाली तर वाक्य ठेवू. नाही म्हणाली तर सगळा खेळच काढायचा, सगळीकडून. आणि ती काहीही म्हणाली तरी तुमचं लेखी निवेदन लागेल. काय झालं आणि का झालं.” मग म्हणाल्या, “जानेवारीपासून पुढच्या गावांचं ठरवायचंय. त्यात हे निवेदन फाइलला लागेल. मी ते टाळू शकत नाही.”

“टाळू नका,” मी म्हटलं.

फोन ठेवला. राहिलेले तीन खेळ संध्याकाळपर्यंत लिहून काढले. त्यात काही अडचण नव्हती. एका खेळात मी बंद दुकान होते, त्यामुळे माझे शब्द लिहायचेच नव्हते. संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली आणि सवयीने हात लॅपटॉपकडे गेला, तो मागे घेतला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची ती ठरलेली धून वाजत राहिली आणि बंद झाली. काम गेलं तर जानेवारीपासून आठवड्याचे सातही दिवस असेच, हा हिशेब करायला काही फार डोकं लागत नव्हतं. जेवले, ताट धुतलं, झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातची बस पकडली. खेळणी नेली नाहीत, कॅमेरा नेला नाही. लॅपटॉप घेतला. आगाशीला बाजाराजवळ बस अर्धी रिकामी झाली. पुढे खिडकीतून केळीच्या बागा, मग नवे रंगवलेले रिसॉर्टचे बोर्ड, मग सुकत घातलेल्या मासळीचा वास.

मदतनीस ओटा झाडत होती. “आज रिकाम्या हातानं, बाय? खेलनी कुटं?”

“आज खेळायचं नाही. एकीला काही विचारायचंय.”

“इचारा, इचारा. मत घ्या,” ती म्हणाली आणि धूळ माझ्या पायांवर ढकलली.

सेविकेला मी आत नेऊन सगळं सांगितलं, वाक्य सोडून. तिने ऐकलं, आणि नेहमीच्या फटकळपणाने काही बोलायच्या ऐवजी एवढंच म्हणाली, “तिची आई दोन दिस झाले डबल ड्युटी करतेय. सभेला येते का नाय तेच म्हाईत नाय.”

मुलगी नऊच्या पुढे आली, डोक्याला तेल चोपडलेलं, फ्रॉकचं एक बटण तुटलेलं. आल्या आल्या ती इतर दोघींबरोबर ओट्याच्या कोपऱ्यात बसली. त्यांच्याकडे फक्त विटांचे तुकडे आणि एक दोरी होती. माझ्या चौदा भांड्यांवाचून काही अडलं नव्हतं. मी कडेला बसले. मला कुणी काही केलं नाही.

खिचडीच्या आधी मुलं हात धुवायला नळावर गेली, तेव्हा मीही गेले. ती शेवटची होती. मी उकिडवी बसले.

“त्या दिवशी तू मला औषध दिलं होतंस. आठवतं?”

तिने मान हलवली.

“तुला पुरे झालं होतं. तू तुझा शिंपला घेतलास. आणि मी उठले नाही. माझं चुकलं.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तुजा ताप गेलता,” ती म्हणाली. “मी हात लावला ना. तरी तू उठलीच नाय.”

“हो.”

“खोटं खोटं झोपलेलीस.”

“हो.”

नळ चालूच होता. तिने तो बंद केला, कारण सेविका पाणी वाया घालवलं की ओरडते. मी विचारलं, “तू मला कॉटचं सांगितलंस ना, ते उद्या मी सगळ्या आयांना वाचून दाखवू का? तू नको म्हणालीस तर दाखवणार नाही. कुणी ओरडणार नाही तुला.”

“आजोबांना पन?”

“आजोबा इथे येणार नाहीत. पण कुणीतरी त्यांना जाऊन सांगेल कदाचित.”

तिने ओले हात फ्रॉकला पुसले. पुढून, मग मागून.

“आजोबांना ऐकू येतं,” ती म्हणाली. “सगल्यांना वाटतं येत नाय. येतं.”

“मग?”

“मग नको.”

आतून ताटल्यांचा आवाज आला तशी ती गेली, धावत, माझ्याकडे न बघता.

मी ओट्यावर येऊन बसले आणि लॅपटॉप उघडला. मॅडमना फोन करून तिचं उत्तर सांगितलं. त्यांनी तिकडचं काढलं, मी माझ्याकडचं काढलं. आधी चित्र, मग आवाजाची वेगळी फाइल, मग फोनमधली प्रत, जी स्वयंपाकघरात लावायला घेतली होती आणि जिच्याबद्दल कार्यालयाला माहीत नव्हतं. तीही सांगितली. मॅडम म्हणाल्या, “तीही निवेदनात लिहा.” लिहिली.

निवेदनाचा नमुना त्यांनी पाठवला होता. तारीख, ठिकाण, काय घडलं. ते चार ओळींत झालं. खाली ‘कारण’ असा एक रकाना होता. त्यात मी आधी ‘अनवधानाने’ असं लिहिलं, मग ते खोडलं. लिहिलं: ‘मूल थांबलं ते मला दिसलं होतं. मला तिथून उठायचं नव्हतं.’ पाठवून दिलं.

मदतनीस बाईने खिचडीची एक ताटली माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली, नळावर जाऊन ताटली धुतली आणि साडेअकराच्या बसने परत आले.